उकंड्यावरचं नाव

जन्माला येऊन मिनिटभरही न झालेल्या लेकराला शिव्या घालणारी बाई मी कचराबाईच्या आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. पोर रडलं की ती त्याला उलटंसुलटं करून बघायची, तोंड वाकडं करायची आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "थू! काय हे काळं माकड निंगालं वं! टाका याले उकंड्यावर." उकंडा म्हणजे आमच्याकडचा उकिरडा. बाळंतीण थकून गेलेली असायची, तरी हसायची. घरातल्या म्हाताऱ्या समाधानाने माना डोलवायच्या. मी कोपऱ्यात हात धूत उभी असायचे आणि मनात म्हणायचे, सरकारनं आपल्याला कुठे आणून टाकलंय!

मी मूल या गावची. भाताच्या गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी, नर्सिंगचा कोर्स नव्यानेच केलेली आणि त्याचा गर्व नाकावर असलेली. गडचिरोली जिल्हा नवा होता तेव्हाची गोष्ट. मुलचेऱ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. आजूबाजूला माडियांचे पाडे, आमच्या बौद्धांची आणि कुणब्यांची घरं, सिरोंच्याकडून येऊन राहिलेली दोनचार तेलुगू कुटुंबं आणि सरकारने जमिनी देऊन वसवलेल्या निर्वासित बंगाल्यांची वस्ती. तिला सगळे कॅम्पच म्हणत. कचराबाई या सगळ्यांची दाई. पन्नाशी ओलांडलेली, काटक, समोरचे दोन दात पडलेली. हजर झाल्याच्या दिवशी ती मला पाहायला आली आणि पहिलाच प्रश्न तिने विचारला तो असा, "नाव काय तुहं? अन् त्याचा अर्थ काय?"

नाव निर्मला, हे मी सांगितलं. अर्थ सांगताना मात्र अडखळले, कारण कोणी कधी विचारलाच नव्हता. म्हटलं, ज्यात मळ नाही ती.

"मंग जमलं," ती म्हणाली. "मी कचरा अन् तू बिनामळाची. लेकरू तू धू, शिव्या मी देतो."

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. बाजारात, विहिरीवर, एसटीची वाट पाहताना. अक्षर एक येत नव्हतं, पण नावांच्या अर्थाचं तिला वेड होतं. त्यातही तिच्या स्वतःच्या नावाची माणसं ती शोधत असे. तेलुगू घरातली पेंटम्मा तिची जिवाची सखी, कारण त्यांच्या भाषेत पेंट म्हणजे शेणकचऱ्याचा ढीग. रस्त्याच्या कामावर छत्तीसगडचा एक गवंडी आला होता, घुरऊ नावाचा. त्यांच्याकडे घुरवा म्हणजे उकंडा, हे कळल्यावर कचराबाईने त्या गड्याला घरी बोलावून भात आणि सुकटीची चटणी खाऊ घातली. आमच्यातले उकंडराव तर गल्लोगल्ली होते. आणि कॅम्पमधली फेलानी. बंगालीत फेलानी म्हणजे फेकलेली. "पाह्य नर्सबाई," ती बोटांवर मोजत म्हणायची, "भाषा किती झाल्या? अन् माय एकच. जिथी जिथी लेकरं मेली, तिथी तिथी मायनं पोर उकंड्यावर नेऊन ठेवलं."

तिची स्वतःची गोष्ट अशी. तिच्या आधीची चार भावंडं अंथरुणातच गेली. ही जन्मली तेव्हा आईने तिला सुपात घालून उकंड्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून घरात गेली. शेजारणीने उचललं आणि दारात येऊन विचारलं, "हे कोणाचं पोर टाकलं? तुले पायजे काय वं?" आईने पसाभर कोंडा देऊन स्वतःची मुलगी परक्याची म्हणून विकत घेतली. मरणाला वाटलं पाहिजे की ही कोणाला नकोच होती. नावही तसंच ठेवलं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वस्तीतल्या सगळ्यांनी जुनी नावं टाकली. विहारातल्या पोरांनी हिलाही सांगितलं, कचरा हे नाव आपल्याला शोभत नाही, सुजाता घे. ती म्हणाली, "देव टाकले, गंडेदोरे टाकले, तुमचं सगळं आयकलं. पण ह्या नावाखाली मायनं मले मरणापासून लपवून ठेवलं. ते टाकलं तर मायलेच टाकलं." हटवादी म्हणून नंतर कोणी तिच्या नादी लागलं नाही.

माडिया बायांपुढे मात्र ती नमायची. त्यांच्यातल्या काही घरांत वेगळीच रीत तिने पाहिली होती. पोराला छातीशी धरायचं आणि घराण्यातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला पोर दूध ओढेल, तो पूर्वज परत आला. ही गोष्ट तिने मला पाचपन्नास वेळा सांगितली असेल. "त्यांच्याइथी मेलेल्याले हाक मारतेत तं तो येते," ती म्हणायची. "आपल्याइथी मरणच हाक आयकते, म्हणून आपण खोटं नाव सांगतो. त्यांची रीत चांगली. पण आपली बी काही कमी नाई."

मला हे सगळं ऐकायला मजा वाटायची. उकंड्याची ती गोष्ट जुन्या काळची, असं मी धरून चालले होते. "अजून ठेवता का हो पोरं तिथे?" हा साधा प्रश्न मी विचारला नाही. माझ्यासमोर तिने तसं कधी केलंही नव्हतं, कारण जिथे आधीची मुलं गेलेली असत त्या घरांत नर्सला बोलावतच नसत. नर्सचा पायगुण बरा नाही म्हणत. या न विचारलेल्या प्रश्नाचं ओझं माझ्यावर आजही आहे.

दुसऱ्या वर्षी दाईंचं प्रशिक्षण आलं. उपकेंद्राच्या ओसरीवर सहा बाया बसल्या. प्रत्येकीला पत्र्याची पेटी मिळाली, त्यात पातं, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश. कचराबाई पहिल्या रांगेत, पेटी मांडीवर घेऊन. मी विचारलं, बाळ चांगलं जन्मतं, दूध पितं आणि आठव्या दिवशी जातं, असं पाहिलंय का कोणी? सगळ्यांनी हात वर केले. आमच्या भागात त्याला आठव्या दिवसाचं दुखणंच म्हणत. पोर दूध सोडतं, जबडा मिटतो, अंग मागे ताठ होतं. बाहेरची बाधा, असं सगळ्यांचं मत.

मग मी पाठ केलेलं भाषण ठोकलं. हा धनुर्वात. याचे जंतू शेणात, मातीत, गंजलेल्या लोखंडावर असतात आणि कापलेल्या नाळेतून आत जातात. फळ्यावर पोटाचं, नाळेचं चित्रही काढलं.

"शेणात?" कचराबाईने विचारलं.

"शेणात."

"उकंड्यावर?"

"उकंड्यावर तर असतातच," मी म्हटलं. कसं छान समजलं हिला, असं वाटून मी खूशही झाले. आपण कोणासमोर काय बोललो, याचा मला पत्ताच नव्हता.

तिने पेटीचं झाकण लावलं आणि उठून गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. ती त्या दिवशी परत आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पेंटम्मा रडत आली. तिच्याकडून कळलं ते असं. ज्या घरांत मुलं जगत नव्हती, त्या घरांत कचराबाईने आजवर बरीच लेकरं उकंड्यावर ठेवली होती, ताज्या कापलेल्या नाळेसकट. जी जगली त्यांची नावं कचरू, उकंडा अशी गावभर फिरत होती. जी मेली ती मोजायची कोणाला गरज वाटली नव्हती. कचराबाईला मात्र एकेक घर आठवत होतं. सात घरं. ती पायी त्या प्रत्येक घरी गेली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुहं लेकरू देवानं नाई नेलं. मी मारलं."

काही घरांनी तिला वेड लागलं म्हणून पाणी देऊन परत पाठवलं. एका घरी दिराने काठी काढली. आणि फेलानीने, जिची शेवटची दोन लेकरं याच हातांनी उकंड्यावर ठेवली होती, दार लावून घेतलं. फेलानीला तेव्हा पाचवा महिना होता. आधीची चार गेलेली. हे पाचवं.

मी कचराबाईच्या घरी गेले. समजूत घालायला गेले असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर मी भांडायला गेले. स्वभावच तसा फटकळ. म्हटलं, "सांगायला कशाला गेलात? गप्प राहिला असतात तर ती तुमच्याचकडे आली असती. धनुर्वाताच्या दोन सुया टोचल्या असत्या, उकळलेल्या पात्याने नाळ कापली असती, पोर वाचलं असतं! आता ती मलाही दारात उभं करत नाही. सासू म्हणते, बांबूच्या चिपाटीने मीच कापीन नाळ. मन मोकळं केलंत तुम्ही, आणि पोराचं काय?"

ती चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली होती. म्हणाली, "तू शिकलेली आहेस नर्सबाई. मले एक सांग. माणूस मारलं हे ठाऊक झालं, तं कितीक दिवस गप्प राहाचं असते? नियम आहे काय काही?"

तिथून निघताना पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ती पेटी घेऊन फेलानीच्या दारात बसायला लागली. सकाळी यायची, अंगणाबाहेर पळसाखाली बसायची, संध्याकाळी उठून जायची. फेलानीचा नवरा शिव्या द्यायचा, ती ऐकून घ्यायची. बाकी गावाने तिला बोलावणं बंदच केलं होतं. महिना गेला. दुसरा लागला. एक दिवस मीही तिच्या शेजारी जाऊन बसले, सुईचा डबा मांडीवर घेऊन, आणि त्या दिवशी फेलानी बाहेर आली. पोट पुढे आलेलं, डोळे खोल गेलेले. तिने कचराबाईकडे पाहिलं आणि कॅम्पमधल्या त्या तोडक्या हिंदीत विचारलं, "हमारा मा हमको फेंका, हम मरा नहीं. तुम्हारा मा तुमको फेंका, तुम मरा नहीं. तो फिर हमारा बच्चा कैसे मरा?"

पुस्तकात याचं उत्तर होतं, कोणी जगतं, कोणी जगत नाही. पण चार लेकरं पुरलेल्या बाईला ते सांगायला माझी जीभ उचलेना. फेलानीचं म्हणणं सरळ होतं. सुई घेईन, उकळलेलं पातंही चालेल. पण पोर उकंड्यावर ठेवलंच पाहिजे. नाही ठेवलं तर मरणाला कळेल की हे हवं आहे. ते नाही केलं तर तुमची सुईही नको.

"उकंड्यावर ठेवू," कचराबाई म्हणाली.

मी ताडकन उठले. तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"मी कोण वं फेलानी? माह्या मायनं मले काय म्हणून आवाज देल्ला? तुह्या गावातला कोणता उकंडा माह्यापेक्षा मोठा आहे? साऱ्यांनी थुंकलं माह्यावर, तू बी थुंकली. लेकरू माह्या मांडीवर टाक. तिथून कोणी उचलन, तुले विकन. मरण पाहीन तं त्याले दिसन, पोर कचऱ्यातच पडलं आहे."

फेलानीने दंड पुढे केला. मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टोचली.

बाळंतपण तेंदूपत्त्याच्या दिवसांत झालं, भर दुपारी. गडीमाणसं पानं तोडायला जंगलात गेली होती. फेलानीची अट होती की कचराबाईने घरात पाय ठेवायचा नाही, म्हणून नाळ मी कापली. कचराबाईने पहाटेच आपलं लुगडं धुण्याच्या सोड्यात उकळून वाळवलं होतं, हात कोपरापर्यंत घासून लाल केले होते. ती अंगणात, उकंड्यापासून दूर, स्वच्छ चटईवर मांडी घालून बसली. मी नाळेवर पट्टी बांधलेली मुलगी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि पाठ फिरवली, कारण पाठ फिरवायची असते. मागून आवाज आला नाही. त्या दिवशी तिने शिवी दिली नाही. वळून पाहिलं तर तिने दोन्ही हात वर धरले होते, पोराला आपल्या हातांचा स्पर्शही होऊ नये म्हणून, आणि तिचं तोंड नुसतं हलत होतं.

उचलायला पेंटम्मा येणार होती. तिला घरच्यांनी सोडलं नाही. तेव्हा सरकारी पांढऱ्या साडीतली मी, जिने चार महिन्यांपूर्वी फळ्यापुढे जंतूंचं भाषण दिलं होतं, ती पुढे झाले आणि लाज सोडून ओरडले, "हे कोणाचं पोर इथी टाकलं? कोणाले पायजे काय?" आतून फेलानीचा आवाज आला, "हमको दो." सासूने पसाभर कोंडा माझ्या पदरात टाकला. वरिष्ठांना कळलं असतं तर माझी चौकशी लागली असती. लागली असती तरी चाललं असतं.

मग आठ दिवस. कचराबाई रोज पळसाखाली येऊन बसे. आत जायचं नाही, विचारायचं नाही. फक्त कान लावून बसायची. मुलगी रडली की तिचे खांदे खाली यायचे, कारण जबडा मिटलेलं पोर रडत नाही. पाचव्या दिवशी दुपारभर घरातून आवाज आला नाही. मी पोचले तेव्हा ती मातीत मुठी आवळून बसलेली. मी आत धावले. मुलगी पोटभर पिऊन झोपली होती. बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा ती उठली आणि शेताच्या बांधापलीकडे जाऊन ओकली.

आठवा दिवस गेला, बारावा गेला. फेलानी मुलीला घेऊन उपकेंद्रावर आली. मी नोंदवही उघडून नाव विचारलं.

"कचरा," ती म्हणाली.

बंगाल्यांच्या घरात हे नाव कुठलं, म्हणून मी पुन्हा विचारलं. तिने तेच सांगितलं. मी म्हटलं, कचराबाईला फार बरं वाटेल. फेलानीचा चेहरा दगड झाला. "माफ कोरी नाई," ती म्हणाली, म्हणजे माफ केलेलं नाही. "जिस पर डाला, उसका नाम." आणि निघून गेली.

मी दोन्ही गोष्टी कचराबाईला जशाच्या तशा सांगितल्या. तिने मान हलवली. म्हणाली, "तुह्या वहीत त्या सात घरची मेलेली लेकरं आहेत काय?" मी जुन्या वह्या काढल्या. जन्म होता, मृत्यू होता, नावाचा रकाना रिकामा. बारशाआधीच गेलेली मुलं, त्यांना नावं कुठली? "साऱ्या मुलुखाच्या नावाचे अर्थ पुसले मी," ती म्हणाली, "अन् जे माह्या हातानं गेले त्याईले नावच नाई. माडियाची बाई हाक मारते तं मेलेलं येते. मी काय म्हणून हाक मारू?" त्यानंतर तिने कोणालाही नावाचा अर्थ विचारलेला मला आठवत नाही.

ती आणखी चार वर्षं जगली. भाताच्या रोवणीला जायची, लोकांपासून लांब राहायची. फेलानीच्या घरावरून जाताना मान खाली घालायची. मुलगी अंगणात खेळत असली तर वाट बदलायची. खोकला सुरू झाला, मी गोळ्या दिल्या, तिने अर्ध्या खाल्ल्या, अर्ध्या आढ्यात खुपसून ठेवल्या. त्या मला नंतर सापडल्या. एका सकाळी पेंटम्माला ती पाण्याच्या माठापाशी पडलेली दिसली.

माती द्यायला फार लोक नव्हते. विहारातली पोरं आली होती, आता केस पिकलेले बाप्ये झालेली. वंदना झाली. त्यांच्यातला एक मला हळूच म्हणाला, "नर्सबाई, मृत्यूच्या दाखल्यावर तरी सुजाता लिहा ना. आता तं कोणी नाई म्हणणार नाई." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, नाव तेच राहू द्या.

नाल्याच्या काठावर खड्डा खणला होता. तिला खाली ठेवलं आणि आम्ही मूठमूठ माती टाकायला लागलो. तेवढ्यात मला फेलानी दिसली. ती लांब बांधावर उभी होती. पुढे आली नाही, हात जोडले नाहीत. तिच्याबरोबरची मुलगी मात्र तिचा हात सोडून आमच्याकडे धावली आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन आत डोकावली. फेलानी घाबरली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "कचरा! ओ कचरा! एदिके आय! कचरा!"

इकडे ये, इकडे ये. आमचे सगळ्यांचे हात मातीसकट तसेच थांबले. मुलगी वळली आणि आईकडे पळत गेली. मी खाली, खड्ड्याकडे पाहिलं. हाक कोणाला आहे ते मला कळत होतं, तरी पाहिलं. नंतर किती तरी वेळ माझ्याच्याने माती टाकवली नाही.